मशीन जड चालतं

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे होतात. आई म्हणते, “माझ्याच हातान कायतरी झाला आसतला.” आणि बाबा खोबरेलाची बाटली आणायला आत जातात. वस्तू कुठली आहे याच्याशी दोघांनाही कर्तव्य नसतं. दाराची कडी करकरली, कुलपात किल्ली फिरेना, कोयता गंजला, लहानपणी माझ्या कानाला दडा बसला, या सगळ्यांवर बाबांकडे इलाज एकच. एकदा पंखा बंद पडला तेव्हा ते बाटली घेऊन स्टुलावर चढले होते. खाली उतरल्यावर कळलं की वीज गेली होती.

खोबरेलावरचा त्यांचा हा विश्वास वाऱ्यावरचा नाही. मुंबईत बंदरावरच्या एका कचेरीत उमेदीची सगळी वर्षं काढून ते गावी परतले ते परसातल्या माडांसाठी. माड मोजके, पण तोरा बागाईतदाराचा. नारळ स्वतः सोलायचे, पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खोबरं वाळवायचं, घाण्यावर उभं राहून डोळ्यांदेखत तेल काढून घ्यायचं. बाजारातलं तेल म्हणजे त्यांच्या मते नुसती फसवणूक. “आमच्या माडाचा तेल,” असं ते म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज मुलाच्या नोकरीबद्दल बोलतानाही होत नाही इतका भारी होतो. माझा भाऊ मुंबईत चांगला कामाला आहे, पण त्याला अजून माडाची सर आलेली नाही.

आणि आईचं मशीन. पायाने चालवायचं, काळं, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आईच्या मनगटाने घासून निम्मी गेलेली. बाबांनी ते मुंबईत दुकान आवरणाऱ्या एका शिंप्याकडून घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून आणलं. टपावरून उतरवताना आपण कसा खांदा दिला हे ते अजूनही सांगतात, त्यामुळे मशीन आईचं असलं तरी त्यात खांद्यापुरता बाबांचा हक्क आहे. आईने त्यावर आमचे फ्रॉक शिवले, भावाच्या चड्ड्या शिवल्या, अर्ध्या वाडीचे ब्लाउज शिवले. शिवण्यात तिचा हात चांगला होता, पण नाव झालं ते पायामुळे. ती पायडल मारायला लागली की शेजारच्या घरी ऐकू जायचं. आवाजावरून आम्हाला तिचा मूडही कळायचा. सरळ लांब टीप पडत असेल तर आई खुशीत. थांबून थांबून दणके बसत असतील तर आमच्यापैकी कुणाचं तरी काही खरं नाही.

त्या मशीनचा आवाज दोन हिवाळ्यांत हळूहळू बंद होत गेला. त्याची सुरुवात झाली मोतीबिंदूपासून. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं, आणि मशीनला तेल घालण्याचं खातं बाबांनी आपणहून स्वतःकडे घेतलं. तेव्हा यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. उलट नवरा बायकोच्या मशीनला तेल घालतो म्हणून वाडीत कौतुक झालं, आणि ते कौतुक बाबांनी नाकारलं नाही.

पुढच्या थंडीत आई मशीनवर बसली तर पायडल रेटेना. तिने पुन्हा जोर लावला, चार टाके घातले, थांबली, गुडघ्यावर हात फिरवला. मग म्हणाली, “पाय गेले गो माझे.”

आता इथे दुसऱ्या कुणीही मशीनला शिव्या घातल्या असत्या. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण जगात बहुतेकांना लागू पडते. आमच्या आईचं उलटं. अंगण खरोखरच वाकडं असलं तरी ती म्हणणार, मलाच नाचता येत नाही.

गुडघे तिचे थोडे दुखत होतेच, वय झालंय. तिला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांसमोर आई एकदम शुद्ध मराठीवर येते, शाळा तपासायला साहेब आल्यासारखी. “सकाळी मशीनवर बसले की पाय फार जड होतात. दुपारनंतर जरा सुटतात. उन्हाळ्यात बरं असतं, थंडीत वाढतं,” असं तिने नीट सांगितलं. डॉक्टर म्हणाले, सांध्यांचं असंच असतं, वयाप्रमाणे होतं, गोळ्या घ्या, चालत राहा. यातलं ‘चालत राहा’ आईने दवाखान्यातच ठेवलं. घरी आणलं फक्त ‘वयाप्रमाणे’.

आणि ते तिने मनावर घेतलं. आधी आठवड्याचा बाजार सोडला. मग शेजारी जाणं सोडलं, कारण शेजारणीकडे पायऱ्या चार जास्त. आमचं गाव मालवणहून धामापूरला जाताना लागतं. धामापूरच्या भगवतीला ती न चुकता जायची आणि तळ्याच्या पायऱ्यांवर बसून घरच्या सगळ्यांची गाऱ्हाणी करायची. ते बंद झालं. “हयसूनच हात जोडतंय. देवीक कळता,” म्हणाली. स्वतःच्या घराची पायरीसुद्धा आडवी होऊन उतरायला लागली. दर शनिवारी मी कुडाळहून घरी जाते, तर जाताना माझ्या पिशवीत काहीतरी घातलेलं असायचं. एकदा पितळेचा तोप, एकदा पाटा, एकदा तिची ठेवणीतली साडी. “माझ्यान आता उचलणा नाय, तू न्हे.” पाटा घेऊन एसटीत बसलेल्या बाईकडे लोक कसे बघतात ते मला विचारा. पण हसू येत नव्हतं. आई एकेक वस्तू देऊन घर रिकामं करत होती आणि त्या वस्तूंबरोबर स्वतःही निघाली होती. मला भीती वाटायची, ती तिच्या गुडघ्यांची नव्हे. ती जे मनाशी ठरवून बसली होती त्याची.

शेवटी मशीनची पाळी आली.

आमच्या वाडीतल्या बायकांचा एक बचत गट आहे. घाटीच्या, म्हणजे चढणीच्या पायवाटेच्या, वर शाळेची जुनी खोली आहे, तिथे बसून त्या तारकर्लीच्या लॉजवाल्यांसाठी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतात. गटाची अध्यक्ष तिशीतली, चटपटीत, बोलायला गोड. तिला आईने सांगून टाकलं, मशीन घेऊन जा, रविवारी या. भावाने मुंबईहून फोन केला की तुला विजेवरचं हलकं मशीन पाठवतो. आई म्हणाली, “विजेवरचा घेऊन काय करू? विजेक पाय लागनत नाय, पण शिवूक माणूस लागता मा.”

माझ्याकडे निरोप आला तो वेगळाच. देण्याआधी मशीन दुरुस्त करून दे. आमच्याकडे पद्धत अशी की वस्तू दुसऱ्याला द्यायची ती चांगली करून द्यायची. फुटकं भांडं, तुटकी खुर्ची, अडणारं मशीन दुसऱ्याच्या घरात धाडलं तर ते घर आपल्याला नावं ठेवतं, आणि वर दिल्याचं पुण्यही लागत नाही. आईच्या मते मशीनमध्ये दोष काही नव्हता, दोष तिच्या पायांचा. तरीपण एकदा झाडून पुसून बघ, म्हणाली. मी एकदा मिक्सरची वायर बदलली होती, तेव्हापासून घरात माझी ख्याती आहे.

मी शनिवारी सकाळीच पोचले. थंडी होती, म्हणजे आमच्याकडे जी असते तेवढी. बाबांनी मफलर गुंडाळला होता. मी स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला तसे ते मशीनसमोर हात जोडून उभे राहिले. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि गाऱ्हाण्यात देवाला सगळं उघड सांगावं लागतं. बाबा म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान आज मशीन सोडूक घेतल्यान आसा. सोडूचा तेका जमतला. परत जोडूची बुद्धी तेका दी रे म्हाराजा.”

आई आतून म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

एवढ्या विश्वासाने कामाला बसले.

मी सरकारी कचेरीत नोकरी करते. तिथे फाइल अडली की ती नेमक्या कुठल्या टेबलावर अडली आहे ते आधी शोधावं लागतं. मशीनचंही तसंच करायचं ठरवलं. खालच्या चाकावरून वर जाणारा चामड्याचा पट्टा काढला. आता पायडल आणि खालचं चाक एकीकडे, वरचं डोकं दुसरीकडे. आईला म्हटलं, बस आणि नुसतं पायडल मार.

ती कुरकुरत बसली. पाय ठेवला आणि पायडल पळायला लागलं. खालचं चाक गरगर फिरलं. आईने पाय उचलला तरी ते थांबेना.

“बघ, पाय चालतायत तुझे,” मी म्हटलं.

“पट्टो काढलंस तर कोणय चलवतला,” आई म्हणाली आणि उठली. तिचं म्हणणं तिने सोडलं नाही. एवढ्या मेहनतीने स्वीकारलेलं म्हातारपण कुणी सहज सोडत नाही.

मग मी वरचं चाक हाताने फिरवून बघितलं. फिरेना. दोन्ही हातांनी धरलं, अंगठा पांढरा झाला, तेव्हा कुठे सुई निम्मी खाली गेली. मी आईला हाक मारून म्हटलं, “हे बघ, माझ्या हातालासुद्धा जड जातंय.”

आईने काळजीने माझ्याकडे बघितलं. “तुझेय हात गेले?”

मी कपाळाला हात लावला. तो शाबूत होता.

चाकाच्या मधला स्क्रू सैल केला, म्हणजे नुसतं चाक फिरतं, सुई हलत नाही. चाक मोकळं फिरलं. म्हणजे अडचण पट्ट्यात नाही, पायडलमध्ये नाही, चाकातही नाही. अडलंय ते आत. मग डोकं मागे कलंडवलं, सुईखालची पट्टी काढली, बाजूचं झाकण काढलं. आत बघितलं तर प्रत्येक दांड्यावर, प्रत्येक सांध्यावर पांढरट थर. दोऱ्यांचा भुसा त्यात रुतून बसलेला. बोटाने खरवडला तर मेणासारखा निघाला. मला वाटलं, बुरशी असेल. वास घेतला.

तो वास मी कुठेही ओळखला असता. थोडा खवट, थोडा गोड. बाबांच्या उशीचा वास.

मी मान वर केली. बाबा दाराशी उभे होते, उत्सुकतेने बघत. “बाबा, या मशीनला तुम्ही कुठलं तेल घालता?”

“खयचा म्हणजे? आपला.” त्यांना प्रश्नच कळला नाही. “मशीनाचा तेल संपला तेवा मी म्हटलंय, इकत कित्या आणूचा? घरात एवढा चांगला तेल आसा. आठवड्याक घालतंय मी. हिच्या पायांक जड जाता म्हणान या वर्षी जास्ती घातलंय.”

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. आईचे पाय जड झाले म्हणून ते अधिक तेल घालत होते, अधिक तेलामुळे मशीन अधिक जड होत होतं, आणि मशीन जड झालं की आईचे पाय आणखी जात होते. रात्री त्याच बाटलीतलं तेल कोमट करून ते आईच्या गुडघ्यांना चोळायचे. एकाच औषधावर दोन रोगी. मला भयंकर राग आला. आणि दुसऱ्या बाजूने त्या माणसाकडे बघून हसू दाबावं लागत होतं. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चिरका होतो, तसा तो झाला.

“बाबा, खोबरेलाने मशीन चालत नाही. आखडतं.”

“मशीनाक काय कळता तेल खयचा ता?”

मी बाहेर खळ्याकडे बोट दाखवलं. तिथे तुळशीच्या कट्ट्यावर त्यांची बाटली ठेवलेली होती. थंडीच्या दिवसांत ती रोज सकाळी तिथेच असते. “ती बाटली उन्हात कशाला ठेवलीय?”

“थिजता म्हणान. सकाळी डोक्याक लावूक व्हया मा, तर आधी...”

आणि ते थांबले. बाटलीकडे बघितलं. आतलं तेल अर्धं पांढरं, अर्धं सुटलेलं होतं. मग मशीनकडे बघितलं. बाबांना आपण होऊन चूक कळण्याचा प्रसंग आयुष्यात वारंवार येत नाही, तो मला डोळे भरून बघायचा होता.

“मशीनाक कोण उन्हात ठेवता,” ते स्वतःशीच म्हणाले.

सकाळी थिजायचं, दुपारी सुटायचं, उन्हाळ्यात बरं, थंडीत वाढायचं. डॉक्टरांना आईने जे जे सांगितलं होतं ते मशीनच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. ऐकायला आम्ही सगळे होतो. आईने सांगितलं, डॉक्टरांनी ऐकलं, मी शेजारी बसून मान हलवली, आणि गोळ्या मात्र आईला दिल्या.

आई आतून बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बाबांची धडगत नाही. दोन हिवाळे घरात बसून काढले होते तिने, अर्धी भांडी वाटली होती. बाबांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी मफलर पुन्हा नीट गुंडाळला.

“मी तुझ्या पायांसाठीच घातलंय गो,” ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आईने तुळशीवरची बाटली आणून त्यांच्या हातात दिली. “ठावक आसा माका. पायांक लावा. मशीनाक नको.”

एवढंच. मी ओरडायची तयारी करून बसले होते, ती वाया गेली.

पुढचं काम सोपं होतं, वेळखाऊ होतं एवढंच. मशीनचं डोकं उचलून आम्ही खळ्यात पोत्यावर आडवं ठेवलं. शेजारी बाबांचं खोबरं वाळत होतं. खोबरेलाला खोबऱ्याची सोबत. ऊन चढलं तसं मशीनच्या सांध्यासांध्यातून तेल पाझरायला लागलं. बाबा फडकं घेऊन शेजारी बसले आणि टिपत राहिले. मधेच एकदा त्यांनी टिपलेलं फडकं डोक्यावरून फिरवलं, सवयीने. डोक्यावर केस नाहीत, पण तेल वाया जाऊ द्यायचं नाही. मग जे चिकटून बसलं होतं ते काढायला रॉकेल हवं होतं. रॉकेल हल्ली दुकानात मिळत नाही. खाडीवरच्या एका होडीवाल्याकडे इंजिनासाठी ठेवलेलं असतं, त्याच्याकडून बाबा स्वतः जाऊन घेऊन आले. दात घासायच्या जुन्या ब्रशने आम्ही दोघांनी एकेक दांडा घासला. बाबा जितकं मन लावून चुकीचं तेल घालतात तितकंच मन लावून ते काढतात, हेही मला त्या दिवशी कळलं. मशीनचं खरं तेल मी कुडाळहून आणलं होतं, पाण्यासारखं पातळ, बिनवासाचं. बाबांनी ते बोटावर घेऊन नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं.

डोकं परत स्टँडवर बसवलं, पट्टा चढवला, दोरा ओवला. एक स्क्रू उरला. तो कुठला ते मला अजून माहीत नाही. देवाने बाबांचं गाऱ्हाणं एका स्क्रूपुरतं कमी ऐकलं.

आई बसली. पदर खोचला. तिने नेहमीच्या धास्तीने सगळा जोर लावून पायडल दाबलं आणि मशीन असं सुटलं की तिच्या हातातली चिंधी एका दमात पलीकडे गेली, शिवून. ती दचकली. पाय मागे घेतला. मग हळूच ठेवला. नुसत्या टाचेने दाबलं, तरी चाललं. नुसत्या चवड्याने दाबलं, तरी चाललं. मग तिने मान खाली घातली आणि सरळ लांब टीप घालायला सुरुवात केली, आणि तो आवाज, जो मी शाळेतून येताना गडग्यापासून, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपासून, ऐकायचे, घरभर झाला.

चिंधी संपली तरी ती पायडल मारत होती. मग थांबली आणि साडी थोडी वर करून स्वतःच्या पावलांकडे बघितलं.

“म्हणजे आसत माझे पाय,” ती म्हणाली.

मी रडले. आईही रडली. बाबा बाहेर खोबरं बघायला गेले, ते बराच वेळ बघत होते.

आनंदात एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. मशीन आता आमचं नव्हतं. आईने शब्द दिला होता.

रविवारी संध्याकाळी टेम्पो आला. गटाची अध्यक्ष आणि आणखी दोघीजणी खळ्यात उभ्या राहिल्या. “काकी, न्हेऊक इलंव.” आई मशीनवर बसली होती, सकाळपासून बसलीच होती. घरातल्या सगळ्या फाटक्या उशा-चादरी तिने शोधून शिवून टाकल्या होत्या. बाबांचा एक लेंगा चांगला होता, तोही उसवून पुन्हा शिवला होता. मी अध्यक्षीणबाईला बाजूला घेऊन सांगितलं की काय झालंय, भाऊ विजेवरचं मशीन घेऊन देतो म्हणतोय, ते तुम्ही घ्या. बाई समजूतदार. तीही म्हणाली, काकी, राहू दे तुमच्याकडे, आमचं अडत नाही.

आई एकदम ताठ झाली. “शब्द दिलंय म्हणजे दिलंय. मशीन न्हेवा.” मग उठली, मशीनवर झाकण घातलं, पदराने हात पुसले. “पण मी पण येतलंय वांगडा.”

“खय?” बाबांनी विचारलं.

“गटात. ह्या मशीनाक माझ्या पायाची सवय आसा. दुसऱ्या कोणाक ता जमूचा नाय. मशीन दिलंय, पण चलवतलंय मीच.”

अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघायला लागली. मी बाबांकडे बघितलं.

“काकी, घाटी चढूची लागता,” बाई हळूच म्हणाली.

“चढतलंय.”

“आणि माझी दुपारची च्या?” बाबा म्हणाले.

“साखर डब्यात आसा. पातेला खय आसता ता तुमका ठावक आसा.” पातेलं कुठे असतं ते बाबांना ठाऊक नव्हतं. ते आईने शिकवलं, त्या संध्याकाळीच, टेम्पो गेल्यावर.

आता आई रोज घाटी चढून शाळेच्या खोलीत जाते. तारकर्लीला कुणी पाहुणे येऊन ज्या उशीवर डोकं ठेवतात, तिच्या अभ्र्याची टीप बहुतेक आमच्या आईची असते. धामापूरलाही ती जाऊन आली, तळ्याच्या पायऱ्या उतरून चढून. माझ्याकडचा पितळेचा तोप तिने परत मागून घेतला. पाटाही मागितला, म्हणजे मला तो पुन्हा एसटीतून न्यावा लागला. गटातल्या बायकांना तिने पहिल्याच दिवशी सक्त ताकीद दिली आहे की आमचे घरधनी खोलीच्या दारात दिसले तर आधी त्यांचे हात बघायचे.

गेल्या शनिवारी मी घरी पोचले तर दार ओढलेलं, बाबा एकटेच खळ्यात. चहा त्यांनी केला होता, मलाही दिला. गोड होता, फार गोड होता.

“आई कुठे?”

“हल्ली तिचो पाय घरात ठरणा नाय,” ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात, पण चेहरा ‘आमच्या माडाचा तेल’ म्हणतानाचा. मग काठी घेतली आणि तिला आणायला निघाले. ते रोज जातात. आईला कुणी आणावं लागत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. मी त्यांच्या मागून गडग्यापर्यंत गेले.

थोड्या वेळाने दोघं घाटी उतरताना दिसली. आई पुढे, पिशवी खांद्याला, पाऊल सरळ, आडवं नव्हे. बाबा मागे, काठी टेकत, दर वळणावर थांबत. खालच्या वळणावर आई उभी राहिली आणि मागे वळली.

“हळू येवा,” ती म्हणाली. “माका घाई नाय.”